ठिगळं काढलेलं पान

वेबसाइटचं पान एका ब्राउझरमध्ये शहाण्यासारखं वागतं आणि दुसऱ्यात अंगात आल्यासारखं का करतं, याचं निदान करण्यात वैद्यबुवांचा हात धरणारा त्या ऑफिसात कुणी नव्हता. म्हणून तर ते वैद्यबुवा. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच.

ऑफिस होतं चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. जिना चढताना कातड्याचा वास यायचा आणि वर पोचलं की गरम झालेल्या कॉम्प्युटरांचा. तिथे पान बनवणारे बनवायचे, रंगवणारे रंगवायचे, पण ते जगाला दाखवण्याआधी शेवटची नजर वैद्यबुवांची. त्यांनी ‘हं’ म्हटलं की पान बाहेर. ते गप्प राहिले की कितीही घाई असली तरी मालकीणबाईसुद्धा खुर्ची ओढून बसायच्या आणि काय बिनसलंय ते विचारायच्या. या ‘हं’वर वैद्यबुवांचा जीव होता. आपल्यावाचून ज्यांचं अडतं अशी माणसं जगात फार नसतात, आणि त्यांना वाटायचं की आपली सगळी याच मजल्यावर बसलेली आहेत.

ऑफिसात ब्राउझरांना टोपणनावं होती. सगळं जग वापरतं तो थोरला. कुणीच वापरत नाही म्हणता म्हणता कुठल्यातरी खात्यात जिवंत सापडतो तो आजोबा. आणि फोनातला एक होता, तो हट्टी. हट्टीला म्हणावं, पान पडद्याएवढं उंच ठेव, तर तो वेबसाइटचा पत्ता दाखवणारी स्वतःची पट्टीसुद्धा पडद्यातच मोजायचा आणि पानाच्या तळाचं बटण त्या पट्टीखाली गडप करायचा. दोन बटणांत बोटभर अंतर ठेव म्हणावं, तर दोन्ही एकमेकांना चिकटवायचा. तारखेचा चौकोन तर चौकटीबाहेर असा डोकवायचा की खिडकीतून वाकलेलं मूल बरं. वैद्यबुवांनी त्याला वर्षानुवर्षं सोसलं होतं. पानाची सजावट ज्या फाइलीत लिहितात त्या सीएसएसच्या फाइलीत ते खास हट्टीसाठी चार-दोन जादा ओळी लिहायचे, अशा बेताने की हट्टीने त्या पाळाव्यात आणि बाकीच्यांनी वाचून सोडून द्याव्यात. या ओळींना ऑफिसात ठिगळं म्हणत. कुणाच्या डोक्यात येणार नाहीत अशी ठिगळं वैद्यबुवांच्या डोक्यात यायची, आणि ती लावून झाली की त्यांचा चेहरा लग्नघरच्या यजमानासारखा व्हायचा.

आणि मग मेहुणा आला.

आला म्हणजे वैद्यबुवांनीच आणला. बायकोने धोशा लावला होता, “अहो, बाळ्याला तुमच्याकडे चिकटवा ना. इतका हुशार आहे, तुमचंच शिकलाय, घरी बसून काय करणार?” बाळ्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ, सहा फुटी आणि दाढीवाला. वैद्यबुवांनी मोठ्या मनाचा आव आणून मालकीणबाईंच्या कानावर घातलं आणि स्वतःच्या पायावर स्वतःच्या हाताने धोंडा पाडून घेतला.

पहिल्याच दिवशी मेहुण्याने सगळ्यांसमोर हाक मारली, “भाऊजी, माझी जागा कुठली?” बस. त्या दिवसापासून अख्खं ऑफिस त्यांना भाऊजी म्हणायला लागलं. रंगवणाऱ्या पोरी भाऊजी, हिशेबनीस भाऊजी, मालकीणबाईदेखील काचेच्या केबिनीतून मान बाहेर काढून, “भाऊजी, जरा येता का?” इतक्या वर्षांची वैद्यकी गेली आणि उरलं ते बायकोकडून आलेलं नातं. मेहुण्याने आल्या आल्या काही घेतलं असेल तर त्यांचं नाव घेतलं, आणि तेही लाडाने, त्यामुळे तक्रार तरी कुठे करणार?

बरं, पोरगा कामात कच्चा असता तर गोष्ट वेगळी. वैद्यबुवांनी त्याला प्रेमाने शिकवलं असतं, चारचौघांत सांभाळून घेतलं असतं, रात्री शांत झोपले असते. पण तो पक्का होता. त्याची फाइल उघडली की ओळी अशा शिस्तीत उभ्या असायच्या की वैद्यबुवा ती लगेच मिटायचे. कुणाचं पान अडलं की माना पूर्वी त्यांच्या टेबलाकडे वळायच्या, आता त्या वाटेत मेहुण्यापाशी थांबायला लागल्या. घरी तर विचारायलाच नको. बायको वाढता वाढता म्हणायची, “बाळ्या सांगत होता, आज त्याने ते मोडलेलं पान चुटकीसरशी सरळ केलं.” वैद्यबुवा घास चावत राहायचे. घास बिचारा केव्हाच बारीक झालेला असायचा.

बायको स्वतः दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवायची. ते काम ती लग्नाआधीपासून करत होती आणि चांगलं करत असावी, कारण लांबलांबून माणसं यायची. वैद्यबुवांना त्यातलं एवढंच माहीत होतं.

तर झालं असं, की बोट कंपनीचं पान साफ करायचं ठरलं. पलीकडच्या किनाऱ्याला जाणाऱ्या बोटींचं वेळापत्रक आणि तिकीट, एवढंच ते पान. ते मुळात वैद्यबुवांनीच कधीकाळी बनवलेलं. दिसायला जसंच्या तसं ठेवायचं, पण आतला गुंता काढायचा, असं काम. मालकीणबाईंनी ते मेहुण्याला दिलं. त्याचे चाचणीचे महिने संपत आले होते आणि त्याला ठेवायचं की नाही ते या पानावर ठरणार होतं.

मेहुणा फाइल घेऊन वैद्यबुवांच्या टेबलाशी आला. “भाऊजी, यातली हट्टीची ठिगळं मी काढतोय. आता लागत नाहीत ती.”

“लागत नाहीत?”

“हट्टी सुधारलाय. नव्या आवृत्तीत उंची नीट मोजतो. मी वाचलंय.”

“वाचलंयस!” वैद्यबुवा म्हणाले. “मी सोसलंय.”

“तसं नाही भाऊजी, त्या वेळी लागत असतील ना. पण आता तपासणीचा फोन देता का थोडा वेळ? हट्टीत एकदा बघून घेतो.”

हट्टी ज्यात होता तो तपासणीचा फोन ऑफिसात एकच होता आणि तो वैद्यबुवांच्या खणात असायचा. त्यांनी खणावर हात ठेवला. “तुझं काम पुरं कर आधी. हट्टीत मी बघेन. शेवटची नजर कशाला असते?”

मेहुणा बरं म्हणून गेला. त्याने थोरल्याचीच खिडकी बारीक करून फोनएवढी केली आणि त्यात तपासलं. वैद्यबुवा लांबून बघत होते. खिडकी बारीक केली म्हणून थोरल्याचा हट्टी होत नाही, हे त्यांना सांगता आलं असतं. सांगितलं नाही. पान पडू दे, असं त्यांच्या मनात होतं, आणि ते त्यांनी स्वतःपाशीसुद्धा कबूल केलं नाही. पान पडेल, आपण उचलू, सगळे बघतील, मग पाठीवर हात ठेवून म्हणू की होतं असं सुरुवातीला. हे वाक्य त्यांनी आंघोळ करताना दोनदा म्हणूनही बघितलं होतं.

पान पुरं झालं. वैद्यबुवांनी फोन काढला, चष्मा पुसला, हट्टी उघडला आणि पडलेलं पान बघायला ते खुशीत पुढे वाकले.

पान पडलं नव्हतं. बटण जागच्या जागी, पट्टीच्या वर. दोन बटणांत बोटभर अंतर. तारखेचा चौकोन चौकटीत गुमान बसलेला. त्यांनी फोन आडवा केला, उभा केला, वर सरकवलं, खाली सरकवलं, मधेच बोट आपटलं. पान हललं नाही की डुललं नाही. इतकं नेटकं पान हट्टीत त्यांनी कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं.

तेव्हा त्यांना जे झालं त्याला नुसतं पोटात दुखणं म्हणणं कमी होईल. दुसऱ्याचं चांगलं झालं म्हणून माणूस जळतो, ते रोजचंच. इथे त्याने काढून टाकलेल्या ओळींत वैद्यबुवांची तरुणपणची वर्षं होती. ती काढून टाकली आणि काही बिघडलं नाही. म्हणजे ती कशालाच लागत नव्हती! आपण ज्याला विद्या समजत आलो तो नुसता पसारा होता आणि हे दाढीवालं पोर येऊन तो झाडून गेलं.   कुठे एक रेघ तरी सरकलेली असेल म्हणून त्यांनी फोन डोळ्यांना लावला. रेघ नव्हती.

ते तडक काचेच्या केबिनीत गेले. “हं,” ते म्हणाले. मग आणखी म्हणाले, आणि ते म्हणायचं त्यांच्या मनात नव्हतं, पण तिरमिरीत तोंडातून गेलं. “यापुढे शेवटची नजर त्यालाच द्या. माझ्यापेक्षा चांगलं करतो तो. आम्ही आता जुनेपुराणे.”

मालकीणबाईंनी समजूत घालावी, छे छे म्हणावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्या म्हणाल्या, “तुमच्या तोंडून स्तुती? मग विचार केलाच पाहिजे.” झालं! स्वतःच्या हाताने किल्ली देऊन वर कुलूप दाखवून आले.

त्या संध्याकाळी जेवताना ते बायकोलाही म्हणाले, “तुझ्या भावाने आज कमाल केली.” बायकोचा वाढता हात थांबला. ती खूश झाली. मग ती तिच्या दवाखान्यातलं काही सांगत होती, एका म्हाताऱ्या गवयाची कवळी, ती घातली की ‘स’ म्हणताना शिटी वाजायची, तिने ती शिटी कशी घालवली वगैरे. वैद्यबुवा म्हणाले, “मीठ दे जरा.”

दुसऱ्या दिवशी पान बाहेर गेलं आणि दुपारच्या आत बोट कंपनीच्या तिकीटखिडकीवरच्या बाईंचा फोन आला. बाई चांगल्याच पेटलेल्या होत्या. ज्यांच्या फोनात हट्टी त्यांना तिकीट काढायचं बटणच सापडत नव्हतं. खिडकीवर ही रांग लागली होती, आणि रांग हलेपर्यंत एक बोट अर्धी रिकामी सुटून गेली होती. मेहुणा खुर्चीतून उठला. “पण हट्टीत बघितलं होतं भाऊजींनी,” तो म्हणाला, आणि सगळ्या माना फिरल्या. बऱ्याच दिवसांनी पुन्हा वैद्यबुवांच्या टेबलाकडे.

वैद्यबुवांनी फोन काढला. पान उघडलं. पान ठणठणीत. बटण जागच्या जागी. त्यांनी पुन्हा उघडलं. पुन्हा ठणठणीत. आणि मग त्यांना एकदम आठवलं.

ब्राउझर एकदा आणलेल्या फाइली स्वतःपाशी जपून ठेवतो, पुन्हा आणायचा त्रास नको म्हणून. त्या साठ्याला कॅशे म्हणतात. फाइलीचं नाव तेच असलं की तो नवी आणायच्या भानगडीत न पडता जुनीच काढून पुढे करतो. म्हणून काहीही तपासण्याआधी कॅशे रिकामी करायची, हा या धंद्यातला पहिला धडा. वैद्यबुवा तो नव्या माणसाला खुर्चीवर बसायच्या आधी शिकवायचे. मेहुण्यालाही शिकवला होता. आणि काल, पान पडलेलं बघायच्या घाईत, ते स्वतःच विसरले होते.

त्यांनी कॅशे रिकामी केली. पान उघडलं. बटण पट्टीखाली गेलं, बटणं एकमेकांना चिकटली, तारखेचा चौकोन बाहेर डोकावला.

म्हणजे काल त्यांनी बघितली ती मेहुण्याची फाइल नव्हतीच. ती त्या फोनात साठून राहिलेली त्यांची स्वतःची जुनी फाइल होती, ठिगळांसकट. काल ज्या नेटकेपणावर ते जळून कोळसा झाले तो त्यांच्याच हातचा होता.

आधी आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. लागत होती! ठिगळं लागत होती! हट्टी सुधारलाच नव्हता! वैद्यबुवांना टेबलावर उभं राहून हे ओरडावंसं वाटलं. त्यानंतर बाकीचं सगळं डोक्यात आलं आणि त्यांनी फोन उपडा ठेवला.

तेवढ्यात मालकीणबाईंनी दोघांना आत बोलावलं. काचेची केबिन असल्यामुळे दार लावलं तरी काम करत असल्याचं सोंग घेतलेल्या सगळ्यांना दिसत होतं, आणि दार काही नीट लागत नव्हतं.

“हे पान हट्टीत न बघता पुढे केलंस,” मालकीणबाई मेहुण्याला म्हणाल्या. “मला वाटतं इथे तुझं जमायचं नाही. आणि भाऊजी, तुम्ही! मेहुणा म्हणून डोळेझाक केलीत. काल माझ्याकडे येऊन स्तुती केलीत तेव्हाच मला शंका यायला हवी होती. प्रेमाने माणसाची नजर अधू होते म्हणतात ते असं.”

वैद्यबुवांनी काही बोलायचीही गरज नव्हती. मान खाली घातली असती तरी पुरे होतं. मेहुणा जाणार होता, शेवटची नजर आपसूक त्यांच्याकडे येणार होती, आणि वर बायकोच्या भावासाठी बोलणी खाल्ली म्हणून घरात कौतुक. गेले कित्येक महिने ते ज्याची वाट बघत होते ते ताटात वाढून पुढे आलं होतं.

मेहुणा मधेच म्हणाला, “बाई, भाऊजींना काही बोलू नका. त्यांना ठिगळांची गरज माहीत होती. माझी लाज राखायला, माझ्यावरच्या मायेपोटी त्यांनी…”

“माया कसली रे!” वैद्यबुवा कडाडले.

आता कुणाला वाटेल की त्यांचं मन जागं झालं. तसं थोडंफार झालंही असेल. पण खरं सांगायचं तर त्यांना ते अधू नजरेचं लागलं होतं. इतकी वर्षं हट्टीशी झुंजलेला माणूस, आणि त्याची नजर म्हणे मायेने अधू झाली! चोर म्हणा, पण आंधळा म्हणू नका, अशातली गत.

“जळत होतो मी तुझ्यावर!” ते म्हणाले. “तू आल्यापासून जळतोय. तू फोन मागितलास तो मी मुद्दाम दिला नाही. थोरल्याची खिडकी बारीक करून तपासत होतास ते मी बघत होतो आणि गप्प बसलो. तुझं पान पडावं म्हणून मी देव तेवढे पाण्यात ठेवायचे बाकी होते. आणि जळण्याच्या नादात कॅशे रिकामी करायला विसरलो. मी! विसरलो! माझीच जुनी फाइल बघितली, ती तुझी समजलो आणि तिच्यावरही जळलो. बाई, काढायचं तर मला काढा. याची चूक एवढीच, की यानं माझ्यावर विश्वास ठेवला.”

बाहेर कीबोर्डांचा आवाज पूर्ण थांबला होता. मालकीणबाईंनी चष्मा काढून पुसला.

“कुणाला काढायचं ते नंतर बघू,” त्या म्हणाल्या. “आधी दोघं मिळून ठिगळं परत लावा. पुढची बोट सुटायच्या आत. आणि भाऊजी, तो फोन आजपासून मधल्या टेबलावर राहील. ज्याला हवा त्याने घ्यायचा.”

दोघं बाहेर आले. वैद्यबुवा खुर्चीत बसले, जुनी फाइल उघडली आणि मेहुण्याकडे न बघता ठिगळं एकेक उचलून नव्या फाइलीत ठेवायला लागले. मेहुणा शेजारी उभाच होता. आता हा चिडेल, बोलेल, बहिणीला सांगेल आणि घरात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं.

मेहुण्याच्या दाढीतून हसू सांडत होतं. शाळेत पहिला नंबर आलेल्या पोराचं असतं तसं.

“भाऊजी,” तो हळूच म्हणाला, “खरंच? माझ्यावर? तुम्ही जळलात?”

“मग काय खोटं सांगतोय केबिनीत?”

“नाही म्हणजे… एवढं चांगलं होतं का माझं काम?”

“ती शेवटची फाइल माझी होती, सांगितलं ना!”

“पण त्याआधीचं? त्याआधीही जळत होतात म्हणालात.”

वैद्यबुवांनी एक ठिगळ चुकीच्या जागी लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. “होतो,” ते म्हणाले. “आता सरक, उजेड अडवतोयस.”

मेहुणा सरकला तो थेट खिडकीशी जाऊन फोन लावायला. त्याला कुजबुजायचं होतं, पण आनंदात त्याचा आवाज काही खाली येईना. “ताई! ऐक ना, ताई, भाऊजी माझ्यावर जळतात! हो, अगं, स्वतः म्हणाले, बाईंसमोर! पहिल्यापासून!” मग बराच वेळ तो नुसतं हं हं करत राहिला. शेवटी त्याने फोन आणून वैद्यबुवांपुढे धरला. “ताईला तुमच्याशी बोलायचंय.”

वैद्यबुवांनी फोन कानाला लावला. पलीकडून दवाखान्यातल्या त्या खोलीतलं बारीक घासण्याचं यंत्र ऐकू येत होतं. ते थांबलं.

“खरं का हो?” बायकोने विचारलं.

“खरं.”

“मला वाटायचं, तुम्हाला तो आवडत नाही म्हणून तुम्ही असे गप्प गप्प असता.”

“कामात वाघ आहे तो,” वैद्यबुवा कष्टाने म्हणाले. “म्हणून तर.”

 बायकोने यंत्र पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं.

“मीही काम करते,” ती म्हणाली. “आपलं लग्न व्हायच्या आधीपासून. माझ्यावर नाही कधी जळलात तुम्ही.”